जागतिक बँक आणि आपले गाव

आमच्या तालुक्याच्या गावापासून दोन कोसांवर एक खेडे आहे. गावात शिरताना उजव्या हाताला पाण्याची उंच टाकी लागते आणि टाकीच्या पायथ्याशी एक पाटी. पाटीचा रंग आता उडाला आहे, पण 'जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने' एवढी अक्षरे अजून वाचता येतात. काही वर्षांपूर्वी कॉलेजातले पाच-सहा विद्यार्थी बरोबर घेऊन मी त्या गावी गेलो होतो. पारावर बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने हाक मारली.

"सर, तुमी कालिजात अर्थशास्त्र शिकवता म्हणं. मंग एक सांगा. ही जागतिक ब्यांक हाय तरी कुठं? आमाला तिथं पीककर्ज भेटंल का?"

मुले हसली. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. त्याने पुढचा प्रश्न टाकला, "आन् हे पैसे तिनं दिले का उसने दिले? उसने दिले असतील तर फेडायचे कुणी?"

वाचकहो, मग मात्र मुले गप्प झाली. खरे सांगायचे तर त्यांतल्या एकालाही ह्याचे उत्तर देता आले नाही. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतून अशा पाट्या उभ्या आहेत, आपण रोज त्यांच्यावरून जातो. पण ही बँक कोणाची, तिचा पैसा येतो कसा, फेडतो कोण, आणि ज्यांच्या दारात तिचे काम झाले त्या लोकांना ते कसे वाटले, हे आपण कधी विचारीत नाही. आज आपण ह्याच गोष्टी सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी पहिला प्रश्न. ह्या बँकेचे मुख्य कार्यालय अमेरिकेत वॉशिंग्टन शहरी आहे. तिचे मूळचे लांबलचक नाव 'पुनर्रचना व विकास यांसाठी आंतरराष्ट्रीय बँक' असे आहे. दुसरे महायुद्ध संपत आले असता, जुलै १९४४ मध्ये, अमेरिकेतील ब्रेटन वुड्स ह्या ठिकाणी ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि तेथे ह्या बँकेचा पाया घातला गेला. भारत तेव्हा स्वतंत्र नव्हता, तरी त्याचे प्रतिनिधिमंडळ तेथे होते, आणि त्यात आपले चिंतामणराव देशमुख होते. महाडच्या बाजूला, रायगडाच्या परिसरात जन्मलेले हे गृहस्थ त्या वेळी रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. म्हणजे ही बँक कितीही परकी वाटली, तरी तिच्या बारशाला आपल्याकडचा माणूस हजर होता.

ह्या बँकेत तुम्हांआम्हांला खाते उघडता येत नाही. पीककर्जही मिळत नाही. ती कर्ज देते सरकारांना, किंवा सरकार ज्यांची हमी घेईल अशा संस्थांना. तिचा कारभार समजायला आपली गावची सहकारी सोसायटी डोळ्यांपुढे आणा. सोसायटीत आपण शेअर घेतो, तसे ह्या बँकेत राष्ट्रांनी भाग घेतलेले आहेत. पण एक मोठा फरक आहे. सोसायटीत शेअर एक असो की शंभर, सभासदाला मत एकच. तिथे तसे नाही. ज्याचे भाग अधिक त्याची मते अधिक. अमेरिकेची मते सुमारे १६ टक्के, भारताची सुमारे ३ टक्के. ह्या भागभांडवलाच्या भरवशावर बँक जगाच्या बाजारात रोखे विकून पैसा उभा करते आणि तोच पैसा थोडे व्याज चढवून सरकारांना देते. १९६० साली तिचीच एक धाकटी बहीण निघाली, 'आंतरराष्ट्रीय विकास संघ'. गरीब देशांना फार लांब मुदतीने आणि जवळजवळ बिनव्याजी कर्ज देणे हे तिचे काम. भारताने ह्या धाकट्या बहिणीकडून कित्येक वर्षे कर्ज घेतले. २०१४ साली भारत त्या गरीब देशांच्या यादीतून वर आला, आणि पुढे तीन वर्षांत ती सवलत संपली.

भारताला पहिले कर्ज १९४९ साली मिळाले, ३ कोटी ४० लाख डॉलरचे, रेल्वेसाठी. १९५४ साली तुर्भ्याच्या वीजकेंद्रासाठी आणि १९५९ साली कोयनेच्या वीजप्रकल्पासाठी कर्ज मिळाले. म्हणजे महाराष्ट्राचा आणि ह्या बँकेचा संबंध आजचा नव्हे.

आता म्हाताऱ्याचा दुसरा प्रश्न. दिले का उसने दिले? वाचकहो, उसनेच दिले. पाटीवर 'अर्थसाहाय्य' असे लिहितात, त्याने आपली समजूत चुकते. सोसायटीच्या वहीत जे कर्ज म्हणून लिहिले जाते तेच हे. ते फेडते सरकार, आणि सरकार फेडते कराच्या पैशातून. शेतकरी प्राप्तिकर भरीत नसेल, पण साबणाची वडी, डिझेलचा डबा घेताना तो कर भरतोच. म्हणजे पारावरचा तो म्हातारा ह्या कर्जाचा, कणभर का होईना, ऋणको आहे.

शिवाय हे कर्ज डॉलरमध्ये फेडायचे असते. १९५० च्या सुमारास एक डॉलर पावणेपाच रुपयांना पडत असे. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि तो साडेसात रुपयांना झाला. १९८५ साली तो सुमारे १२ रुपयांना होता, १९९३ साली सुमारे ३१ रुपयांना, आणि आता ८० रुपयांच्याही वर गेला आहे. डॉलरमध्ये मुद्दल तेवढेच राहते, पण रुपयांत मोजू गेलो तर ते फुगत जाते. पूर्वी ह्या फुगवट्याचा भार केंद्र सरकारवर पडे. २००५ नंतर बहुतेक राज्यांच्या बाबतीत कर्ज ज्या अटींवर येते त्याच अटींवर राज्याच्या माथी बसते.

ह्यावरून कर्ज वाईटच असा अर्थ कोणी काढू नये. व्याज कमी आणि मुदत लांब, हा मोठाच फायदा आहे. कर्ज काढून विहीर खणली आणि पाणी लागले, तर ते कर्ज अंगी लागले म्हणायचे. विहीर कोरडी गेली, तर तेच कर्ज गळ्याशी येते. म्हणून कर्ज किती, ह्याच्या आधी विचारायचे ते हे, की ते कशाला काढले, आणि विहिरीची जागा कोणी ठरवली? ज्याला त्या शिवारातले पाणी माहीत आहे त्याला कोणी विचारले का?

वाचकहो, माझ्या आजच्या सांगण्याचे सार ह्या एका प्रश्नात आहे. ह्या बँकेच्या कामाविषयी लोकांचे मत बरे झाले की वाईट झाले, हे आलेल्या रकमेपेक्षा लोकांना कधी विचारले गेले ह्यावर जास्त ठरले. आपल्याच राज्यातली तीन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण नर्मदाकाठचे. सरदार सरोवर धरण गुजरातेत, पण त्याच्या पाण्याचा फुगवटा महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात पसरलेला. अक्कलकुवा आणि अक्राणी ह्या दोन तालुक्यांतली आपली ३३ गावे त्यात आली. हा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. त्या गावांपैकी धरणाला सर्वांत जवळचे गाव म्हणजे मणिबेली. वस्ती भिल्ल आणि पावरा आदिवासींची.

धरणाची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते एप्रिल १९६१ मध्ये बसली. पाण्याच्या वाटपावरून राज्यांत तंटा झाला. तो सोडवण्यासाठी १९६९ साली लवाद नेमला गेला, आणि त्याचा अखेरचा निवाडा १९७९ साली आला. मग मे १९८५ मध्ये जागतिक बँकेने ४५ कोटी डॉलर देण्याचा करार केला. आता ह्या सालांकडे नीट पहा. कोनशिला झाली, निवाडा झाला, कर्जाचा करारही झाला. आणि ज्याचे घर व शेत बुडणार त्या माणसाशी कोणी सविस्तर बोलले होते का? नाही. त्याची शेते पिढ्यान्‌पिढ्यांची, पण कित्येकांच्या नावे सातबारा नव्हता, कारण जमीन जंगलखात्याची. त्याला कागदोपत्री 'अतिक्रमणदार' म्हणत. निवाड्यात बुडणाऱ्या खातेदाराला किमान दोन हेक्टर, म्हणजे पाच एकर जमीन देण्याची तरतूद होती, ही चांगली गोष्ट. पण खातेदार कोणाला म्हणायचे, इथेच गाडे अडले. नदीतली मासळी, रानातला मोह, डिंक, चारा, सरपण ह्यांची किंमत तर कोणत्याच रकान्यात बसत नव्हती.

लोक संघटित झाले, आंदोलन उभे राहिले, आणि त्याचा आवाज वॉशिंग्टनपर्यंत गेला. तेव्हा बँकेने १९९१ साली स्वतःच्याच कामाची चौकशी करण्यासाठी एक स्वतंत्र समिती नेमली. अमेरिकेचे ब्रॅडफर्ड मोर्स हे तिचे अध्यक्ष आणि कॅनडाचे थॉमस बर्जर हे उपाध्यक्ष. समितीने खोऱ्यात येऊन गावोगाव फिरून जून १९९२ मध्ये अहवाल दिला. त्याचा मथितार्थ असा, की आहे त्या परिस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन होणे शक्य दिसत नाही, बाधित लोकांशी खराखुरा विचारविनिमय झालेला नाही, आणि बँकेने एक पाऊल मागे घेऊन फेरविचार करावा. सावकारानेच नेमलेल्या पंचांनी सावकाराची चूक दाखवावी, असे सहसा घडत नाही. पुढे बँकेने काही अटी घालून मुदत दिली, आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नको असे कळवले. ४५ कोटींपैकी सुमारे १७ कोटी डॉलर घेतले गेले नाहीत. जे घेतले होते ते अर्थात फेडावे लागलेच.

धरण मात्र थांबले नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००० मध्ये बांधकामाला वाट मोकळी करून दिली, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये पूर्ण उंचीच्या धरणाचे लोकार्पण झाले. ह्या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे, ती लपवून चालणार नाही. सौराष्ट्र आणि कच्छच्या तहानलेल्या गावांत ह्याच धरणाचे पाणी पोचले. तिथल्या माणसाला विचारा, तो ह्या धरणाला आईसारखे मानतो. धरणाच्या विजेत २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे. म्हणजे तुमच्या-माझ्या घरातल्या दिव्यात मणिबेलीच्या बुडालेल्या शेताचा काही अंश असू शकेल. धरण एकच, पण ज्याला पाणी मिळाले त्याचे मत एक आणि ज्याचे घर पाण्यात गेले त्याचे मत दुसरे. दोघेही आपापल्या जागी खरे बोलतात. म्हणून 'लोकांचे मत काय?' असे कोणी विचारले, तर आपण उलट विचारावे, 'कोणत्या लोकांचे?'

दुसरे उदाहरण माझ्या जिल्ह्याचे, लातूरचे. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. २९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक उशिरा घरी आले आणि निजले. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासची गावे झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. सुमारे आठ हजार माणसे दगावली. आमच्याकडची जुनी घरे दगडमातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीचे जड माळवद असलेली. उन्हाळ्यात गार, पण धक्का बसताच ते सगळे ओझे माणसाच्या अंगावर आले. आमचे गाव दूर असूनही त्या रात्रीनंतर आम्ही कित्येक दिवस अंगणात निजत होतो.

पुनर्वसनासाठी १९९४ मध्ये जागतिक बँकेचे २४ कोटी ६० लाख डॉलरचे कर्ज मिळाले. इथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की एकाच प्रकल्पात कामाच्या दोन तऱ्हा होत्या. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, ह्या दोन जिल्ह्यांतली ५२ गावे जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवली. तिथे घरे बांधून मिळाली. ज्याची जमीन जास्त त्याला मोठे घर, ज्याची कमी त्याला लहान. २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट असे तीन नमुने होते. घरे पक्की, रस्ते रुंद आणि सरळ. कागदावर नकाशा देखणा दिसे. पण लोक राहायला गेले आणि कुरकुर सुरू झाली. घराच्या मापाप्रमाणे आळ्या पाडल्यामुळे भावकी फुटली, शेजार तुटला. बैल बांधायला गोठा नाही, कडबा रचायला जागा नाही. गाव अनेक पटींनी ऐसपैस झाल्याने विहीर दूर, शेत दूर, आणि म्हाताऱ्या माणसाला देऊळही दूर. भूकंपाला टिकणारे घर मिळाले होते, पण पुढे लोकांनी त्याला जे जोडकाम केले ते पुष्कळ ठिकाणी पुन्हा जुन्याच पद्धतीने केले. घर का टिकते, हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. घर आयते मिळाले होते.

दुसरी तऱ्हा दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची. मोडकळीस आलेली, पण उभी असलेली लाखाहून अधिक घरे ह्यात आली. ती १३ जिल्ह्यांत पसरली होती. इथे घराचा मालक हाच कामाचा धनी. रक्कम हप्त्याहप्त्याने त्याच्या हाती, आणि मार्गदर्शन इंजिनियरचे. माळवदावरची माती कमी करायची, भिंतीत आरपार दगड घालून ती बांधून घ्यायची, भिंतींच्या माथ्यावर सिमेंटलोखंडाचा पट्टा फिरवायचा, ही कामे गवंडी आणि घरमालक दोघेही शिकले. गावोगाव 'संवाद सहाय्यक' नेमले गेले. पुष्कळ ठिकाणी ते काम महिला मंडळांकडे आले, आणि ज्या बायका चारचौघांत तोंड उघडीत नव्हत्या त्या दुरुस्तीचा हप्ता का अडला म्हणून कचेरीत जाऊन विचारू लागल्या. ह्या कामातही दिरंगाई झाली, तक्रारी झाल्या. पण ज्याने उभे राहून स्वतःचे घर सावरले, तो आजही कोपऱ्यातला दगड दाखवून सांगतो, "हा मी बसवला."

कर्ज तेच, बँक तीच, खातेही तेच. मग लोकांच्या मतात इतका फरक का पडला? एका ठिकाणी माणूस लाभार्थी होता, दुसऱ्या ठिकाणी तो धनी होता.

तिसरे उदाहरण पाण्याचे. त्या म्हाताऱ्याच्या गावची टाकी ज्यातून झाली, तो 'जलस्वराज्य' प्रकल्प. २००३ साली सुरू झाला, २००९ साली संपला. बँकेचे कर्ज सुमारे १८ कोटी डॉलरचे, आणि काम २६ जिल्ह्यांत. ह्या प्रकल्पाने क्रम उलटा केला. योजना वरून आली नाही, गावाने मागायची होती. ग्रामसभेने ठराव करायचा, पाणीपुरवठा समिती निवडायची, तिच्यात निम्म्या बायका घ्यायच्या. खर्चाचा दहावा हिस्सा गावाने भरायचा, आदिवासी गावांनी विसावा. योजना झाल्यावर ती चालवायचा खर्च सगळा गावाचा.

त्या गावी ही सभा कशी झाली ते मला तिथल्याच एका शिक्षिकाबाईंनी सांगितले. आधी बायकांची ग्रामसभा झाली. पुरुषांनी नळाचे कोंडाळे देवळापाशी ठरवले होते. बायका म्हणाल्या, "पाणी तुमी आणता का आमी? आमच्या वस्तीजवळ पायजे." बराच वाद झाला, आणि कोंडाळे वस्तीजवळ झाले. वर्गणी गोळा करताना भांडणे झाली, दोन वेळा सभा मोडली. पण पैसा घरचा गेला होता, म्हणून ठेकेदार सिमेंट किती घालतो हे पाहायला माणसे स्वतः जाऊन उभी राहात.

मग सगळे आलबेल झाले का? तसेही नाही. दोन-तीन वर्षांनी विजेचे बिल थकले आणि मोटर बंद पडली. पुढे एका उन्हाळ्यात उद्भवाची विहीरच आटली. पाणीपट्टी वसूल करणारा समितीतला माणूस गावात वाईट झाला. असे अनेक गावांत घडले. बँक गेली, अधिकारी बदलले, आणि टाकी, मोटर व थकबाकी गावाच्या पदरात राहिली. आधी विचारले हे चांगलेच झाले, पण पुढे वीस वर्षे हे कोण आणि कशाच्या बळावर चालवणार, हा प्रश्नही त्याच दिवशी विचारायला हवा होता.

ही झाली तीन उदाहरणे. आता बँक स्वतः लोकांचे मत घेते का? घेते. दर काही वर्षांनी ती देशोदेशी एक मतपाहणी करते. बँक तुम्हांला किती परिचित आहे, तिचे काम कितपत उपयोगी वाटते, तिच्यात उणे काय, असे प्रश्न असतात. हे करते ही चांगली गोष्ट. पण प्रश्न जातात ते मुख्यतः सरकारी अधिकारी, व्यापारी, संस्थाचालक, पत्रकार, प्राध्यापक अशा मंडळींकडे. त्यांची उत्तरे खोटी नसतात, पण ती पारावरच्या माणसाची नसतात. शिवाय मतपाहणी ही बहुधा काम झाल्यावरची किंवा चालू असतानाची. आपल्याकडे ह्याला 'वरातीमागून घोडे' म्हणतात. सांगणे वेगळे, विचारणे वेगळे, आणि ठरवू देणे वेगळे. ह्या तीन पायऱ्यांतला भेद प्रत्येक ग्रामसभेने ओळखावा.

मग आपण काय करायचे? केवळ बोटे मोडून उपयोग नाही. आपल्या हाती काही साधने आहेत, ती वापरायची.

गावात अशा कर्जाचे काम येणार असे कळले, की ग्रामसभेत चार प्रश्न विचारा. पहिला, हे अनुदान की कर्ज, आणि गावाचा हिस्सा किती? दुसरा, कोणाला लाभ आणि कोणाचे काय जाणार? ज्यांचे जाणार त्यांची नावे यादीत आहेत का, की सातबारा नाही म्हणून ती गळली? तिसरा, काम संपल्यावर देखभाल कोणाची आणि तिचा वर्षाचा खर्च किती? चौथा, तक्रार कोणाकडे करायची? ह्या चार प्रश्नांची उत्तरे ठरावाच्या वहीत लिहून घ्या. तोंडी उत्तर वाऱ्यावर जाते.

उत्तर मिळाले नाही, तर माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. महाराष्ट्रात असा कायदा आधीपासून होता, देशाचा २००५ साली झाला. दहा रुपये भरून साध्या कागदावर अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही पडत नाहीत. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. आदिवासी भागासाठी १९९६ चा पंचायतींचा कायदा आहे. त्याप्रमाणे विकासकामासाठी जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करणे बंधनकारक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर कालच्या 'अतिक्रमणदारा'ला हक्कदार म्हणून उभे राहण्याची वाट दिली. मणिबेलीच्या वेळी हे कायदे नव्हते.

आणि खुद्द बँकेकडेही दाद मागता येते. नर्मदेच्या प्रकरणानंतर, सप्टेंबर १९९३ मध्ये, बँकेने एक तपासणी मंडळ स्थापन केले. बँकेने स्वतःचेच नियम मोडल्याने नुकसान झाले, असे ज्यांना वाटते अशा दोन किंवा अधिक माणसांना त्याच्याकडे तक्रार करता येते. ती आपल्या भाषेतही चालते. आधी बँकेच्या अधिकाऱ्यांना कळवलेले असावे, आणि काम चालू असतानाच करावी हे बरे. मुंबईत रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पामुळे हलवल्या गेलेल्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी २००४ साली अशी तक्रार केली. चौकशी झाली, आणि मार्च २००६ मध्ये बँकेने त्या प्रकल्पाच्या रस्ते व पुनर्वसनाच्या भागाचे पैसे काही महिने रोखून धरले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यालाही कधी कधी खाली उतरावे लागते, पण त्यासाठी खालून कोणीतरी हाक द्यावी लागते.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. गावात अशी पाटी असेल तर एके दिवशी मुलांना तिच्यापाशी घेऊन जा. पाटीवरची रक्कम फळ्यावर मांडून गावच्या माणशी किती पडते ते काढायला लावा. डॉलरचा भाव बदलला की तेच गणित पुन्हा करायला लावा. घरी जाऊन आजीआजोबांना विचारायला सांगा, "हे काम झालं तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं होतं का?" त्या उत्तरांची एक वही शाळेत ठेवा. वॉशिंग्टनच्या मतपाहणीत जे येत नाही ते त्या वहीत सापडेल, आणि पुढच्या ग्रामसभेत ती वही उपयोगी पडेल.

त्या दिवशी पारावर बसून मी म्हाताऱ्याला जमेल तेवढे समजावून सांगितले. उसने आहेत, सरकार फेडते, आणि त्यात तुमचाही वाटा आहे, असे म्हणालो. त्याने सगळे ऐकून घेतले. टाकीकडे बघत तो म्हणाला, "मंग ही टाकी आमचीच की वो! पाटीवर आमचं नाव का न्हाई?"

मी ह्याला उत्तर दिले नाही. पाटीवर नाव कोणाचे, ही गोष्ट गावाने स्वतः ठरवावी अशीच आहे. पण पुढच्या वेळी पाटी लागण्याच्या आधी, योजनेचा कागद जेव्हा ग्रामसभेपुढे येईल, तेव्हा तो एकदा मोठ्याने वाचून घ्या. सही त्यानंतर करा.